मकाव, आफ्रिकन ग्रे, इग्वाना पाळताय? वनविभागाकडे नोंदणी अशी करा

विदर्भातल्या खेड्यात कोणी नागपूर-अमरावतीहून परदेशी पोपट आणला, तर त्याच्याकडे बहुतेक वेळा कागद म्हणून दुकानदाराची कच्ची चिठ्ठीच असते. ती पुरत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्रजाती तिने कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे यादीत, घेतल्या. त्यातला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने कलम ४९एम प्रमाणे नोंदणी केलीच पाहिजे.

आधी आपला प्राणी कोणता ते नीट ओळखा, कारण सगळा घोळ इथेच होतो. मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोन्युर हे पोपट, हिरवा इग्वाना हा सरडा आणि बॉल पायथन हा अजगर यांची नोंदणी लागते. बजरीगर आणि कॉकाटिएल या छोट्या पोपटांना लागत नाही, ते साइटिसच्या यादीत नाहीत. आपला साधा हिरवा मिठूही त्या यादीत नाही, पण म्हणून तो पाळायला मोकळीक आहे असं समजू नका. तो देशी संरक्षित पक्षी आहे, पिंजऱ्यात ठेवणं हाच गुन्हा. घोरपड, खवले मांजर, चांदणी कासव यांचंही तसंच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. रानातून धरलेला जीव कोणत्याच अर्जाने कायदेशीर होत नाही. कोणी एजंट तसं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका.

अर्ज केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ पोर्टलवर ऑनलाइन करायचा. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. त्यांचं कार्यालय नागपूरला असलं तरी अर्ज घेऊन तिथे जायची गरज नाही. या नोंदणीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले. आधीपासून प्राणी असलेल्यांना सहा महिन्यांची मुदत होती, ती संपली. आता प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत कळवायचं. मुदत हुकली असेल तर लपवून ठेवू नका, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटून पुढचं विचारा.

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, प्राण्याचे स्पष्ट फोटो, पायातल्या कडीचा किंवा मायक्रोचिपचा क्रमांक, खरेदीची पक्की पावती हे सगळं हाताशी ठेवा. प्राणी आयात केलेला असेल तर परवान्याची प्रतही हवी. यात सर्वांत जड कागद म्हणजे प्राणी कुठून आला याचा पुरावा. ताबा बेकायदेशीर नाही अशी खात्री पटली तरच प्रमाणपत्र मिळतं. म्हणून पैसे देण्याआधीच विक्रेत्याकडे त्याच्या नावचं नोंदणी प्रमाणपत्र मागा. तो ‘नंतर पाठवतो’ म्हणाला तर व्यवहार सोडा. आफ्रिकन ग्रेची रानं अशाच कागद नसलेल्या खरेदीने ओस पडली.

प्राणी दुसऱ्याला दिला, पिल्लं झाली किंवा तो मेला, तर तेही कळवावं लागतं.

वनस्पतींना नियम वेगळे आहेत. तिसऱ्या अनुसूचीतल्या घटपर्णी किंवा निळ्या व्हँडा ऑर्किडची लागवड वा विक्री करायची असेल तर परवाना लागतो. रोपवाटिकावाल्यांनी तो आधी काढावा.

घरात देशी पक्षी किंवा कासव असेल, तर घाबरून पिंजरा उघडू नका. पंख छाटलेला मिठू बाहेर एक दिवसही जगत नाही. वनविभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर फोन करा किंवा वनरक्षकाला बोलावून प्राणी त्यांच्या ताब्यात द्या.