अँटीबॉडी पॉझिटिव्ह, म्हणून आयव्हीएफ फुकट?

डिचोलीच्या एका वहिनींनी रिपोर्ट पुढे केला. टीपीओ अँटीबॉडीसमोर (शरीराने स्वतःच्याच थायरॉइडविरुद्ध तयार केलेली प्रथिनं) ठळक 'पॉझिटिव्ह'. "म्हणजे आयव्हीएफचे पैसे पाण्यातच ना?" फोंडा-म्हापशाकडेही हा समज वर्षानुवर्षं फिरतोय.

तसं नाही. या अँटीबॉडी असलेल्यांत गर्भपात जास्त दिसतात, पण आयव्हीएफमध्ये गर्भ रुजण्यात ठळक फरक आढळलेला नाही. बघायचा तो टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम नीट चाललंय का ते सांगणारं हार्मोन. तो बिघडला असेल तर थायरॉइडची गोळी लागतेच. टीएसएच ठीक असताना नुसत्या अँटीबॉडीसाठी गोळी द्यावी का, हे ब्रिटनमध्ये ९५२ बायकांवर तपासलं गेलं. २०१९ चा निकाल: गोळी घेणाऱ्यांत ३७.४ टक्के बाळंतपणं, न घेणाऱ्यांत ३७.९.

एएनए ही पेशींच्या केंद्रकाविरुद्धची अँटीबॉडी तर धडधाकट माणसांतही सापडते, त्यावरून झोप उडवू नये.

अँटीफॉस्फोलिपिड अँटीबॉडीचं प्रकरण वेगळं, तिच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. वारंवार गर्भपात होत असतील तर ती तपासणी हवीच, आणि पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा. कारण साध्या तापानंतरही ही अँटीबॉडी तात्पुरती वाढू शकते. दोन्हीदा पॉझिटिव्ह आली तर गरोदरपणात गुठळ्या रोखणारी औषधं, अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन. वहिनींचा टीएसएच? १.९, म्हणजे ठीक. रिपोर्टच्या दुसऱ्याच पानावर होता, कुणी उलटलंच नव्हतं.