घर खाली करावं लागलं, तर सिबिल खराब होतं का?

लिव्ह अँड लायसन्स करार करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

"मालकाने केस टाकली तर माझं होम लोन अडकेल का हो?" करार संपत आला की हा प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. तर, नुसतं घर खाली करायला लावलं म्हणून स्कोअर उतरत नाही. कर्जफेडीच्या नोंदी ठेवून स्कोअर देणाऱ्या सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना माहिती जाते ती बँका, वित्तसंस्था आणि कार्ड कंपन्यांकडून. घरमालकाला तिथे तुमच्या नावावर काही चढवता येत नाही. "तुझं सिबिलच खराब करतो" ही धमकी त्यामुळे पोकळ. (अमेरिकेत थकलेलं भाडं वसुली एजन्सीकडे गेलं, तर ती नोंद रिपोर्टवर ७ वर्षं राहू शकते. तिकडच्या नातेवाइकांनी घातलेली भीती बहुधा तिथूनच येते.)

स्कोअर बिघडतो तो आडवाटेने. डिपॉझिटसाठी पर्सनल लोन काढलेलं असतं, मालक डिपॉझिट अडवून धरतो आणि भाडेकरू म्हणतो, "ते मिळालं की हप्ता भरतो." बँकेला तुमच्या भांडणाशी देणंघेणं नाही, हप्ता चुकला की नोंद झालीच. भाडं क्रेडिट कार्डवरून भरून बिल थकवलं, तरी तेच.

दुसरी वाट कराराची मुदत उलटून राहण्याची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपूनही ताबा सोडला नाही आणि सक्षम प्राधिकाऱ्याने (म्हणजे घर खाली करण्याच्या केसेस ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) घर खाली करून घेतलं, तर तोवरची भरपाई दुप्पट दराने द्यावी लागते. समजा भाडं १८,००० आहे, करार ३१ मार्चला संपला आणि ताबा मेअखेर गेला. दोन महिन्यांचे ७२,००० झाले. ही रक्कम सिबिलला दिसत नाही, पण ती भरायला लोक कार्ड घासतात आणि मग दिसते. आमचं मत विचाराल तर, वाद डिपॉझिटचा असला तरी मुदत उलटू देऊ नका. घर सोडा आणि पैशांसाठी वेगळं भांडा.

सोडताना किल्ल्या दिल्याची तारखेसह सही घ्या, वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, डिपॉझिटमधून काय कापलं ते मालकाकडून लिहून घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी. बँकेतला पत्ताही त्याच आठवड्यात बदला. जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस वॉचमनकडे पडून राहते.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात चुकीची नोंद दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

ताबापावतीचा छापील नमुना आमच्या ग्राहकांना मोफत आहे. किल्ली देण्याच्या आदल्या दिवशी येऊन घेऊन जा.