फुटेज माझ्याकडे आहे म्हणजे फुटेज माझं आहे का?

"दादा, रॉ पण देऊन टाका ना सगळं, पैसे तर दिलेत आम्ही." रॉ म्हणजे न कापलेलं, कॅमेऱ्यातून जसंच्या तसं निघालेलं फुटेज, आणि नाशकात व्हिडिओचं काम करणाऱ्या ज्याने हे वाक्य ऐकलं नसेल त्याने कॅमेरा काल घेतला असं समजा. यावर आपलं उत्तरही ठरलेलं, "रॉ देत नाही, कॉपीराइट आमचा असतो, तुम्हाला फायनल मिळेल." मी कित्येक वर्षं हेच ठोकून द्यायचो, आणि इतक्या ठामपणे की समोरचा गप्पच बसायचा. नंतर कळलं की या एका वाक्यात मी दोन वेगवेगळ्या गोष्टी कालवत होतो आणि त्यातली एक तर चक्क चुकीची होती.

एक गोष्ट म्हणजे ताबा. फाइल्स कुणाच्या डिस्कवर आहेत, ती डिस्क कुणी विकत घेतली, कपाटाची किल्ली कुणाकडे आहे. दुसरी म्हणजे कॉपीराइट, म्हणजे ते शूट कुणी दाखवायचं, कुणी कापायचं, कुणी विकायचं हे ठरवायचा अधिकार. निफाड-दिंडोरीकडच्या क्लायंटला हे समजावायला मला दोन मिनिटं लागतात कारण त्याला आधीच माहिती असतं की सातबाऱ्यावर नाव एकाचं आणि वहिवाट दुसऱ्याची असू शकते, उगाच नाही तालुक्याच्या कोर्टात एवढी गर्दी. शहरातल्या क्लायंटला जास्त वेळ लागतो, आणि आपल्या लाइनमधल्या पोरांना सगळ्यात जास्त.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं १७ वं कलम. त्याच्या बी पोटकलमात लिहिलंय की कुणी मोबदला देऊन, स्वतःच्या सांगण्यावरून फोटो काढून घेतला किंवा फिल्म बनवून घेतली तर वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक तो बनवून घेणारा. म्हणजे क्लायंट. तुम्ही नाही, मी नाही. आणि फिल्म म्हणजे फक्त थिएटरमधला सिनेमा असं समजू नका, व्याख्येतच कुठलंही दृश्य रेकॉर्डिंग असं धरलंय, व्हिडिओ फिल्म हा शब्दसुद्धा आहे, त्यामुळे हळदीचा टीझरही त्यात आला आणि कंपनीचा सेफ्टी व्हिडिओही.

मग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात उलटं कुठून बसलं? माझा अंदाज, यूट्यूबवरून. आपण कलर शिकलो तिथून, ऑडिओ शिकलो तिथून, आणि धंद्याचे नियमही तिथूनच शिकलो, फक्त ते सांगणारे बहुतेक अमेरिकेतले. तिकडे फ्रीलान्सरने काम केलं आणि कागदावर वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हक्क साधारण बनवणाऱ्याकडेच राहतो, क्लायंटला ते लिहून घ्यावं लागतं. इकडे बरोब्बर उलट, इकडे लिहून आपल्याला घ्यावं लागतं. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट डाउनलोड करून नाव बदलून वापरणारे मला माहितीयत (मी पण त्यातलाच होतो, खाली कॅलिफोर्नियाचं कोर्ट तसंच राहिलं होतं आणि दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही आणि क्लायंटच्याही नाही).

मला हे कळलं ते अंबडमधल्या एका कारखान्याच्या कामातून. तीन दिवस शूट, मशीनचे क्लोजअप, ठिणग्या उडताना स्लो मोशन, त्या एका शॉटसाठी मी अर्धी शिफ्ट जमिनीवर आडवा होतो. फिल्म झाली, पैसे आले, सगळं छान. सहा महिन्यांनी तोच ठिणग्यांचा शॉट मला दुसऱ्याच एका मशीनच्या जाहिरातीत दिसला, कारखान्याने त्यांच्या सप्लायरला फिल्म देऊन टाकली होती आणि सप्लायरने कुणाकडून तरी कापून घेतली होती. मी चिडून फोन केला, माझा शॉट, माझी परवानगी, वगैरे वगैरे. समोरचे साहेब शांतपणे म्हणाले, फिल्म आमची आहे, आम्ही कुणालाही देऊ. मी ओळखीच्या वकिलांकडे गेलो, म्हटलं आता नोटीस पाठवू. त्यांनी माझं कोटेशन मागितलं, एक पानाचं, त्यात दिवस, कॅमेरा, एडिट, जीएसटी, ॲडव्हान्स पन्नास टक्के. त्यांनी ते उलटसुलट बघितलं आणि विचारलं, "हक्काबद्दल कुठे आहे यात?" नव्हतंच. "मग ते बरोबर बोलतायत," म्हणाले. चहा पाजून घरी पाठवलं.

तर ऑर्डरवर केलेल्या कामात साधारण असं होतं की डिस्क माझी आणि हक्क क्लायंटचा. यातून दोन्हीकडच्या लोकांची अर्धी-अर्धी चूक निघते. क्लायंट म्हणतो मालक मी, म्हणून रॉ दे. मालकीचं बरोबर आहे पण कायद्यात रॉ असा शब्दच कुठे नाही, काय काय हातात द्यायचं, फायनल द्यायचं की प्रत्येक क्लिप, प्रोजेक्ट फाइल द्यायची का, हे सगळं तुमच्यात काय ठरलं होतं त्यावर जातं. आणि आपण म्हणतो डिस्क माझी म्हणून फुटेज माझं, तर डिस्क नक्की आपली, पण म्हणून त्यातला शॉट दुसऱ्याला विकता येत नाही, आणि जे कुणी लक्षातच घेत नाही ते म्हणजे स्वतःच्या इन्स्टावर टाकायलाही खरं तर विचारावं लागतं. गंगापूर रोडच्या एका लॉन्समधलं लग्न मी केलं होतं, टीझर टाकला, तीन दिवसांनी नवरीच्या वडिलांचा फोन, "भाऊ ते काढा, आम्हाला नाही आवडत घरच्या बायकांचं असं फिरलेलं." माझ्यातला कलाकार दुखावला, पण काढला. आता कळतं की तो उपकार नव्हता.

लग्नात अजून एक गंमत असते. ऑर्डर कुणाची? बुकिंग मुलीच्या मामांनी केलं, ॲडव्हान्स मुलाकडच्यांनी दिला, शेवटचं पेमेंट नवऱ्याने जीपेवर. सगळं गोडीत असतं तोवर काही फरक पडत नाही, पण पुढे जाऊन त्या दोघांचं फाटलं आणि एक बाजू म्हणाली आम्हाला द्या, दुसरी म्हणाली डिलीट करा, तर तुम्ही मध्ये लटकता. म्हणून मी आता बुकिंग फॉर्मवर एकच नाव घेतो आणि सांगतो की या माणसाशीच बोलणार. थोडं रुक्ष वाटतं, मंडळी हसतात, असो.

आता उलटी केस, जिथे डिस्कही आपली आणि हक्कही आपला. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकच प्रश्न विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? कमरेपर्यंत, छातीपर्यंत, तो गोदावरीच्या पात्रातला मारुतीच आपला मीटर. तर अशा एका सकाळी मी कुणी न सांगता रामकुंडावर गेलो, स्वतःचं पेट्रोल, स्वतःचा कॅमेरा, भिजलो, शूट केलं. इथे कुणाची ऑर्डर नाही, कुणाचा मोबदला नाही. कायद्यात प्रोड्यूसर म्हणजे जो पुढाकार घेतो आणि जबाबदारी घेतो तो, म्हणजे इथे मी. कुठे नोंदणी करायची गरज नाही, शूट झालं त्या क्षणी हक्क तयार. नोंदणी असते, पुरावा म्हणून कामाला येते, पण सक्तीची नाही.

दुपारपर्यंत मेसेज सुरू, "सर क्लिप वापरू का, क्रेडिट देतो." इथे आपल्याकडचे लोक दुसरी घाण करून ठेवतात, हो म्हणतात आणि फाइल पाठवून मोकळे. अरे पण काय हो? वापरायला दिलं की विकूनच टाकलं? वापरायला देणं म्हणजे लायसन्स, मालक तुम्हीच राहता आणि उद्या दुसऱ्यालाही देऊ शकता. विकून टाकणं म्हणजे असाइनमेंट, हक्कच समोरच्याकडे गेला, मग तुमचीच क्लिप वापरायला तुम्हालाच विचारायला लागणार. असाइनमेंटला तुमची सही असलेला कागद लागतो, १९ व्या कलमात आहे, आणि त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, भाग लिहिला नसेल तर फक्त भारत. लायसन्सलाही तेच नियम लावलेत. त्यामुळे कुणी म्हणालं की मागच्या वेळी व्हॉट्सॲपवर ओके म्हणालात म्हणजे क्लिप कायमची आमची, तर घाबरू नका. आणि २०२७ चा सिंहस्थ येतोय, त्याआधी गोदाघाट, काळाराम मंदिर, त्र्यंबक, ब्रह्मगिरी यांचं फुटेज मागणारे भरपूर येणार आहेत, ज्यांनी स्वतःहून शूट करून ठेवलंय त्यांनी निदान विकतोय की भाड्याने देतोय एवढं तरी ठरवून ठेवा.

बाकी पैसे लावणारा आणि बनवणारा यांचं जमत नाही ही आपल्या गावातली नवी गोष्ट नाही. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे, त्यांनी १९१८ मध्ये भागीदार घेऊन नाशकातच हिंदुस्थान फिल्म कंपनी काढली आणि त्याच भागीदारांशी पटेना म्हणून एक-दोन वर्षांत बाहेर पडले, मग काही वर्षांनी परत आले. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, आम्ही तिथे जाऊन प्रीवेडिंग शूट करतो.

परत रॉवर येतो कारण भांडण तिथेच होतं. क्लायंटला वाटतं रॉ म्हणजे एक फाइल, पेनड्राइव्हवर मावेल. साधं गणित सांगतो, फोर-के शंभर एमबीपीएसला (म्हणजे सेकंदाला शंभर मेगाबिट) शूट केलं तर तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे सहा-सहा तास चालले म्हणजे ५४० जीबी, त्याची एक बॅकअप कॉपी धरली की एक टीबीच्या वर, आणि हे एका दिवसाचं, हळद, संगीत, रिसेप्शन वेगळं. हे सांभाळायचा खर्च कोटेशनमध्ये कुणीच धरत नाही. म्हणून मी आता लिहितो की डिलिव्हरीनंतर ९० दिवस फुटेज ठेवीन, नंतर जबाबदारी नाही, रॉ हवं असेल तर डिस्क तुमची आणि कॉपी करायचा चार्ज वेगळा. कॉपीराइट आमचा म्हणून देणार नाही, हे म्हणणं सोडून दिलं. चार्ज सांगितला की दहातले आठ जण स्वतःच म्हणतात राहू द्या.

दोन गोष्टी पटकन. म्युझिक. फिल्मचा मालक क्लायंट झाला म्हणून त्यातल्या गाण्याचा मालक होत नाही, ते आपणही भाड्यानेच आणलेलं असतं. मी माझ्या सबस्क्रिप्शनवरून घेतलेला ट्रॅक, माझ्या चॅनलला जोडलेला, आणि क्लायंटने त्याच्या चॅनलवर टाकला की लगेच यूट्यूबवर कॉपीराइटचा क्लेम, मग रात्री अकराला फोन, "दादा तुम्ही चोरीचं गाणं टाकलं का?" आणि वरातीत गाणं वाजवायला कायद्यात सूट आहे हे खरं, पण ती वाजवायला आहे, तेच गाणं लग्नाच्या फिल्मखाली लावून यूट्यूबवर टाकायला नाही.

दुसरी, सेकंड कॅमेरामन. तुम्ही त्याला दिवसाचे पैसे देऊन बोलावलंत, मग ते शूट त्याचं नाही. तरी कार्ड कॉपी करताना तो स्वतःच्या डिस्कवरही एक कॉपी मारून घेतो आणि पुढच्या आठवड्यात तुमच्या क्लायंटची बायको त्याच्या रीलमध्ये. पोरगा वाईट नसतो, त्याला पण कामं हवी असतात, पण आधी बोलून घ्या. मी सांगतो, टाक, पण मी टाकल्यानंतर आणि क्लायंटने हो म्हटल्यानंतर.

माझ्या कोटेशनखाली आता तीन ओळी असतात. फायनल फिल्मचा हक्क पूर्ण पेमेंट आल्यावर तुमचा. जे शॉट फायनलमध्ये वापरले नाहीत त्यांचा हक्क माझा. नमुना म्हणून माझ्या पेजवर काही भाग दाखवायला परवानगी, नको असेल तर इथे टिक करा. खाली दोघांच्या सह्या. कायद्यातच 'वेगळा करार नसेल तर' असं लिहिलंय ना, मग हाच तो वेगळा करार. वकिलांनी चार पानांचं करून दिलं होतं, पण चार पानं बघितली की पिंपळगावचा द्राक्षवाला म्हणतो "पुतण्याला दाखवून सांगतो" आणि मग काम जातं, म्हणून तीनच ओळी ठेवल्या.

त्याच द्राक्षवाल्या काकांनी मागच्या सीझनला रॉचे पैसे भरले, दोन टीबीची डिस्क स्वतः आणून दिली, मी सगळं कॉपी करून दिलं, सही घेतली. आठ दिवसांनी फोन. "अहो, व्हिडिओ सगळा फिका फिका दिसतोय, द्राक्षं राखाडी आलीत, कॅमेरा खराब होता का?" त्यांना लॉग म्हणजे काय (रंग नंतर एडिटमध्ये चढवायचे म्हणून मुद्दाम फिकं केलेलं शूट) हे सांगेपर्यंत माझा चहा गार झाला.