एमएसची नोंद, तुमच्याच फोनमध्ये
(आमच्या केंद्रात किंवा घरून व्हिडिओवर व्यायाम करणारे एमएसचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिसचे, पेशंट आणि त्यांच्या घरच्यांसाठी)

न्यूरोलॉजिस्टकडे तीन महिन्यांनी नंबर लागतो आणि आत गेल्यावर जेमतेम दहा मिनिटं मिळतात. डॉक्टर विचारतात, "कसं काय?" आपण म्हणतो, "बरं आहे." मग खाली गाडीपाशी आल्यावर आठवतं, मधे आठवडाभर डावा हात बधिर होता, ते सांगायचंच राहून गेलं. हे पत्रक त्या राहून गेलेल्या आठवड्यासाठी आहे.

मल्टिपल स्क्लेरॉसिसमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. कुठल्या जागी हल्ला झाला त्यावर त्रास ठरतो. एकाला धूसर दिसतं, दुसऱ्याला लघवीची घाई होते, तिसऱ्याचा पाय फरफटतो. थकवा तर एमआरआयमध्ये मोजताच येत नाही. तो तुम्ही सांगाल तेव्हाच डॉक्टरांना कळतो.

यासाठी अॅप भरपूर आहेत, पण बरीचशी इंग्रजीत. आम्हीही सुरुवातीला उत्साहाच्या भरात चाळीस प्रश्नांचा ऑनलाइन फॉर्म केला होता. दुसऱ्या आठवड्यानंतर तो कोणी उघडलाच नाही, आणि त्यात पेशंटांची काही चूक नव्हती. रोज चाळीस वेळा "आज किती त्रास?" असं विचारलं की चांगला दिवससुद्धा आजारी वाटायला लागतो. म्हणून आता आमचा सल्ला सोपा आहे: व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज करा. काही वेगळं घडलं तरच लिहा, नाहीतर आठवड्यातून एकदा "ठीक" एवढं पुरे. बोटांना मुंग्या असतील किंवा अक्षरं नीट दिसत नसतील तर कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोला.

नोंद अशी असावी:

"१२ मे, दु. ३. उजवा पाय जड, जिना चढताना टाच घासली. लाइट गेली होती, कूलर बंद. ताप नाही. संध्या. ७ ला पूर्ववत."

हा मजकूर वाचायला डॉक्टरांना दहा सेकंद लागतात, आणि त्यातला कूलर त्यांना पायाइतकाच महत्त्वाचा वाटतो. शरीर तापलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात आणि गार झालं की उतरतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी हे १८९० मध्येच नोंदवलं होतं. आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या घाबऱ्या फोनांपैकी बरेच याच प्रकारचे असतात. वाळ्याच्या ताट्या, मानेवर ओला पंचा, गार पाणी, आणि तासाभराने पुन्हा नोंद.

मग एमएसचा खरा अटॅक, म्हणजे आजार नव्याने उसळणं, कोणता? लक्षण नवीन आहे किंवा जुनं स्पष्टपणे वाढलं आहे, ते २४ तासांहून जास्त टिकलं आहे, आणि ताप किंवा संसर्ग नाही, तर न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी कळवा. ताप असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल तर आधी त्याची तपासणी हवी, कारण लघवीच्या संसर्गानेही पाय गळून जातात आणि तो अटॅक नसतो. गेल्या वेळची चिठ्ठी दाखवून स्टिरॉइडचं सलाइन परस्पर लावून घेऊ नका. एका डोळ्याची नजर अचानक कमी झाली, श्वास किंवा गिळणं अडलं, तर मेसेज टाइप करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

महिन्यातून एकदा चाल मोजा. घरातल्या लांब पॅसेजमध्ये टेपने २५ फूट मोजून दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा. जमेल तितक्या लवकर, पण तोल सांभाळून चाला. घरचं कोणीतरी शेजारी असू द्या, फोनचं स्टॉपवॉच त्यांच्या हातात द्या. दोनदा चालून सरासरी घ्या. चप्पल तीच, काठी तीच, वेळही तीच. साधारण २० टक्के फरक दखल घेण्याजोगा मानतात, म्हणजे ८ सेकंदांचे ९.६ झाले तर आम्हाला सांगा. ८.३ झाले म्हणून रात्र जागवू नका.

रिपोर्टांबद्दल एक कळकळीची विनंती. एमआरआयच्या फिल्मचा खिडकीला धरून काढलेला फोटो कोणाच्याच कामाचा नसतो. सेंटरकडून सीडी मागा, तिच्यातली सगळी फोल्डरं कॉम्प्युटरवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. डॉक्टरांना जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहायची असतात. कागदी रिपोर्ट स्कॅन करून नावात तारीख घाला.

गडचिरोली-गोंदियाहून दर वेळी येणं जमत नसेल तर घरबसल्या व्हिडिओवर डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे, आणि तुमचे नेहमीचे डॉक्टर व्हिडिओवर पाहत असतील तर उत्तमच. चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना, एवढं पाहा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा नावानिशी समावेश आहे. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो, तपासणीला मात्र सरकारी रुग्णालयात जावं लागतं. अर्ज भरायला आम्ही बसून मदत करतो, त्याचे पैसे घेत नाही.

एमएस पेशंटांच्या ग्रुपवर जरूर असा. मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ पासून काम करते, तिच्या मुंबई-पुण्याच्या शाखा आहेत. समदुःखी माणसाशी बोलून जे हलकं वाटतं ते आमच्या व्यायामाने होत नाही. पण "एमएस मुळासकट बरा" असा फॉरवर्ड आला तर तो खोटा समजा. एमएस नियंत्रणात ठेवणारी औषधं आहेत, समूळ बरा करणारं अजून नाही. ग्रुपवर आधार कार्ड आणि रिपोर्ट टाकू नका, आणि कोणाचं वाचून आपलं इंजेक्शन बंद करू नका. औषधात आम्हीही हात घालत नाही.

पहिल्या भेटीला फोन चार्ज करून, रोजची चप्पल घालून या. व्हिडिओवरचा वर्ग उन्हाळ्यात सकाळी सातलाच असतो. दुपारी घ्या म्हणून कितीही आग्रह केलात तरी घेणार नाही.