अभिवाचन की कथाकथन?

14 ते 20 नोव्हेंबरचा राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह जवळ आला की गोव्यातल्या वाचनालयांच्या फलकांवर हे दोन शब्द दिसू लागतात, आणि पुष्कळदा एकाच्या जागी दुसरा. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मी सप्ताहाच्या तयारीला असते. "दोन्ही एकच ना?" हा प्रश्न दरवर्षी येतो. एकच नव्हे.

श्रावणात घरी पोथी वाचणारा ओवीवर बोट ठेवून वाचतो. शब्द सुटला तर मागे जाऊन पुन्हा वाचतो. देवळात कीर्तनकार उत्तररंगात तेच आख्यान लावतो, तेव्हा समोरच्यांचे चेहरे बघून कुठे फुलवतो, कुठे आवरतं घेतो. पहिलं अभिवाचनाच्या जातीचं, दुसरं कथाकथनाच्या.

अभिवाचनात लेखकाचं वाक्य जसंच्या तसं यायला हवं. वाचणाऱ्याच्या हातात असतो तो श्वास, विराम आणि स्वर. मी मजकूर मोठ्या टाइपात छापून घेते आणि श्वासाच्या जागी पेन्सिलीने उभी रेघ मारते. पानं सुटी ठेवते, कारण उलटताना होणारी खरखर माइक टिपतो. सुटं पान अलगद बाजूला सरकवता येतं. वेळ कमी असेल तर अख्खा परिच्छेद गाळावा आणि तसं श्रोत्यांना सांगावं, पण वाक्याला हात लावू नये. एका कार्यक्रमात वाचणाऱ्याने कथेचं शेवटचं वाक्य सोपं करून वाचलं. पुढच्या रांगेतल्या एका आजींना ती कथा पाठ होती. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मूळ वाक्य मला म्हणून दाखवलं. ते सभागृहात कुणाच्या कानावर पडलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

कथाकथनात कागद नसतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगावी ते लोकप्रिय केलं. आपल्याकडे मुलांसमोर त्याची आणखी एक सोय आहे: मराठी शब्द अडला की सांगणारा सहज कोकणीत जातो, आणि जाजमावरून लगेच "मागीर कितें जालें?" (मग काय झालं?) येतं. अभिवाचनात असं केलेलं चालणार नाही.

म्हणून पुस्तकंही वेगळी निवडावी लागतात. अभिवाचनासाठी मी आधी आपल्याच मातीतले लेखक सुचवीन: सावईवेऱ्याचे लक्ष्मणराव सरदेसाई आणि सत्तरीतल्या आंबेड्याचे महादेवशास्त्री जोशी. कवितेसाठी बा. भ. बोरकर; पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे बोरकरांच्या कवितांचं जाहीर वाचन करत असत. ही पुस्तकं गावात मिळाली नाहीत तर शोध पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयापासून सुरू करावा. 1832 साली स्थापन झालेलं ते ग्रंथालय आपल्या सर्वांचं आहे. कथाकथनासाठी पंचतंत्र, इसापनीती, आजीकडून ऐकलेल्या लोककथा.

खरी तयारी मात्र कार्यक्रम संपल्यानंतरच्या अर्ध्या तासाची करायची असते. अभिवाचन ऐकून उठलेला वाचक तेच पुस्तक मागतो, तेव्हा त्याच्या प्रती दाराजवळच्या टेबलावर हव्यात. कथाकथन ऐकलेलं मूल "ती गोष्ट" मागतं, आणि ती तशीच्या तशी कुठल्याच पुस्तकात नसते. मग तिच्या जवळात जवळची छापील गोष्ट आधीच शोधून ठेवावी लागते.

मागच्या खेपेला वानर आणि मगरीची गोष्ट ऐकून एक मुलगी पंचतंत्राचं पुस्तक घरी घेऊन गेली. चार दिवसांनी परत आली आणि म्हणाली, "बाईंची मगर शेवटी रडली, ह्यातली रडतच नाही." मी तिला दुसऱ्या संग्रहातली तीच गोष्ट काढून दिली. तिने तिथेच उभ्याने शेवटचं पान उघडलं.