पीस लिली म्हणजे अळवाची बहीण

आमच्या रत्नागिरीच्या घरी पडवीत पीस लिली आहे, येणारा प्रत्येक जण तिचं पांढरं फूल बघून थांबतोच. पण ते पांढरं म्हणजे फूल नाही, रंग बदललेलं पान आहे ते. खरी फुलं मधल्या खरबरीत दांड्यावर, अगदी बारीक, एकमेकांना चिकटून बसलेली. आणि नावात लिली असली तरी ही अळवाच्या, सुरणाच्या कुळातली, सुरण फुललेला ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच पटेल.

मूळची ती मुख्यतः मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांतली, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारी, म्हणून आपली हवा तिला मानवते. कडक ऊन नको, पानं करपतात. काळोख्या माजघरात जगेल, पण फुलणार नाही.

खरा घोळ पाण्याचा होतो. पानांनी मान टाकली की आपण तांब्या घेऊन धावतो. तिच्या देठात लाकूड नसतं, पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबावर ते उभे राहतात, माती सुकली की दाब उतरतो आणि सगळं झाड लोळतं, पाणी घातलं की बहुतेक वेळा काही तासांत परत ताठ. पण कुजलेल्या मुळांनाही पाणी ओढता येत नाही, म्हणजे कुंडीत चिखल असला तरी पानं अगदी तशीच लोंबतात आणि आपण अजून पाणी घालतो! माझी पहिली लिली आषाढात अशीच गेली, फार वाईट वाटलं. मुळांना ऑक्सिजन लागतो, तुडुंब भिजलेल्या मातीत तो पोचत नाही, मग बुरशी शिरते. अळू पाण्याच्या चरात मजेत राहतं कारण त्याच्या अंगात हवा खेळवणाऱ्या पोकळ्या असतात, म्हणून अळवाच्या अंदाजाने हिला पाणी घालू नका. आधी बोट खुपसून बघा, वरची इंचभर माती कोरडी लागली तरच घाला.

जांभ्याची लाल माती एकटी भरली तर दडपून बसते, सोडणाचा, म्हणजे नारळाच्या सालीचा, भुसा आणि शेणखत मिसळा. भुसा मात्र दोन-तीनदा धुवून घ्या, खाडीच्या पाण्यात कुजवलेल्या सोडणात मीठ असतं आणि त्याने पानांची टोकं तपकिरी होतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं मचूळ पाणीही तेच करतं. पागोळ्यांखाली घागर लावून साठवलेलं पाणी सगळ्यात उत्तम.

हवा शुद्ध करते म्हणून विकतात ते मात्र मला पटत नाही. १९८९ च्या नासाच्या अभ्यासात झाडं बंद पेटीत ठेवली होती, आपल्या घराच्या दारं-खिडक्या उघड्या. २०१९ मध्ये जुने प्रयोग एकत्र तपासले तेव्हा दिसलं की घरात हवा आत-बाहेर खेळून जेवढी शुद्ध होते तेवढा परिणाम झाडांकडून हवा तर दर चौरस मीटरला निदान १० झाडं लागतील.

आणि अळवाची खाज हिच्यातही आहे, तेच कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. अळवात आपण चिंच नाहीतर आमसूल घालतो, हिचं पान मात्र कुणी चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.