मैलापाण्यातल्या तुरटीची पार्श्वभूमी

तुरटीशी मुंबईची ओळख पिण्याच्या पाण्यातून झाली. धरणाचे गढूळ पाणी नितळ करायला तुरटी किंवा पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड घालतात. हीच रसायने मैलापाण्यातला, शेवाळाला खत ठरणारा फॉस्फरसही बांधून गाळात खाली बसवतात. पण त्यासाठी ती विकत घेण्याचा प्रश्न या शहरात फारसा आलाच नाही, कारण शेजारी समुद्र होता. वरळी आणि वांद्रे येथे वर्षानुवर्षे जाळीतून कचरा आणि वाळू वेगळी केली जाई आणि उरलेले मैलापाणी तीन किलोमीटरांहून लांब पाइपातून समुद्रात सोडले जाई. वर्सोवा, घाटकोपर, भांडुपला हवा खेळवलेली तळी होती. फॉस्फरस काढणे हे यांपैकी कशाचेच उद्दिष्ट नव्हते.

त्यामागे शास्त्रही होते. समुद्रात शेवाळाची वाढ बहुधा नायट्रोजनअभावी अडते. गोड्या तळ्यात ती फॉस्फरसअभावी अडते. 1973 मध्ये कॅनडातल्या एका तळ्याच्या मधोमध पडदा लावून शास्त्रज्ञांनी हे दाखवले. दोन्ही भागांत कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच भागात. तोच भाग हिरवागार झाला. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिका-कॅनडा कराराने मोठ्या सरोवरांच्या रक्षणासाठी मोठ्या मलप्रक्रिया केंद्रांना लिटरमागे 1 मिलिग्रॅम फॉस्फरसची मर्यादा घातली होती.

हा धडा मुंबईत पवई तलावाला लागू पडतो. 1891 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. त्यात मैलापाणी येत राहिले. जलपर्णी उपसून काढली तरी पुन्हा फोफावते, कारण तिचे खत पाण्यातच असते. माझ्या मनाला हे फार लागते. वनस्पती काढायची आणि तिचे अन्न तसेच ठेवायचे, असे वर्षानुवर्षे चालत आले.

कायद्याची वाटही वळणावळणाची. केंद्र सरकारच्या मलप्रक्रियेविषयीच्या 2017 च्या अधिसूचनेत फॉस्फरसची मर्यादाच नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 च्या आदेशात तलाव-तळ्यांत सोडायच्या पाण्यासाठी एकूण फॉस्फरस लिटरमागे 1 मिलिग्रॅम धरला. तेव्हापासून रसायनाच्या खरेदीला निविदेत जागा मिळू शकते.

ही खरेदी किलोच्या भावाने करू नये. फॉस्फरस धरतो तो त्यातला धातू. तुरटी म्हणून केंद्रावर येते ते अॅल्युमिनियम सल्फेट, लाद्यांत किंवा पातळ द्रावणात. चांगल्या लादीत अॅल्युमिनियम साधारण साडेआठ-नऊ टक्केच असते (द्रावणात त्याहूनही कमी), म्हणून एक किलो फॉस्फरसला हिशेबाने दहाएक किलो लागते, प्रत्यक्षात दीड-दोन पट. समजा दररोज 1 कोटी लिटरचे केंद्र आहे आणि फॉस्फरस 5 वरून 1 मिलिग्रॅमवर आणायचा आहे. म्हणजे रोज 40 किलो फॉस्फरस आणि त्यासाठी 600 ते 800 किलो तुरटी. महिन्याला 18 ते 24 टन. फेरिक क्लोराइड हा लोहाचा क्षारही चालतो, पण तो टाकी-पाइपांचा धातू खातो. टाकी आणि पाइप त्याला सोसतील असेच घ्यावे लागतात. शिवाय या दोन्हींमुळे पाण्याची आम्लता वाढते आणि गाळही जास्त निघतो. तो वाहून नेण्याचा खर्च दरपत्रकात दिसत नाही.

मुंबईत पावसाळा हा आणखी वेगळा मुद्दा. गटारांत पावसाचे पाणी शिरले की प्रवाह फुगतो आणि फॉस्फरस पातळ होतो. तेव्हा प्रवाह पाहूनच तुरटीचा पंप फिरवला तर तुरटी वाया जाते. म्हणून पाण्यातल्या फॉस्फेटची रोजची तपासणी खरेदीच्या करारातच असावी, नंतर जोडलेली नसावी.

1970 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी जिवाणूंकडूनच फॉस्फरस साठवून घेण्याची पद्धत पुढे आणली. आधी प्राणवायूविना आणि मग हवेत ठेवलेले जिवाणू गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस पोटात घेतात आणि गाळाबरोबर बाहेर जातात. जिथे हा टप्पा नीट चालतो तिथे तुरटी फक्त उरलेल्या फॉस्फरसपुरती लागते.